टिटवीची अंडी आणि वेंगुर्ल्याची बेटे: किनारपक्ष्यांच्या अधिवासाचा एक वाङ्मयीन इतिहास

१. प्रस्तावना

भारतीय साहित्यपरंपरेत पक्ष्यांची वाण कधीच नव्हती. हंस, चक्रवाक, चातक, चकोर, कोकिळ, सारस या पक्ष्यांनी संस्कृत काव्यापासून मराठी संतवाङ्मयापर्यंत आपापली जागा राखलेली आहे. मात्र या नामावळीकडे अधिवासाच्या दृष्टीने पाहिले, म्हणजे हे पक्षी राहतात कोठे असा साधा प्रश्न विचारला, तर एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. ते बहुतांशी सरोवरांचे, नद्यांचे, शेतांचे आणि उपवनांचे पक्षी आहेत. समुद्राच्या काठावर वाळूत किंवा उघड्या खडकावर अंडी घालणारे पक्षी या परंपरेत जवळजवळ नाहीत. सुरय, कुरव, तुतवार, चिखल्या ही नावे मराठीत आहेत. परंतु ती कवितेत क्वचितच आली.

या अनुपस्थितीचा आणि किनारपक्ष्यांच्या अधिवासाच्या संरक्षणाचा काही संबंध आहे काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांचा समूह उदाहरण म्हणून घेतला आहे. हा निबंध चंडीगडमध्ये, म्हणजे समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नगरात लिहिला जात आहे, हे वरकरणी विसंगत वाटेल. तथापि या बेटांच्या पक्ष्यांची पहिली तपशीलवार नोंद करणारा मनुष्य चंडीगडच्या माथ्यावरच्या शिमल्यात राहत होता, आणि चंडीगडच्या सुखना तलावाने याच प्रश्नाची दुसरी बाजू अलीकडच्या काळात समोर आणली आहे. त्यामुळे ही तुलना उपयुक्त ठरेल.

२. टिटवीचे म्हणणे

किनारपक्ष्यांच्या अनुपस्थितीला एक थोर अपवाद आहे. पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात टिट्टिभ दांपत्याची कथा येते. समुद्रकाठी राहणाऱ्या टिटवीचे दिवस भरतात. ती नवऱ्याला अंडी घालण्यासाठी दुसरे स्थळ शोधण्यास सांगते, कारण पौर्णिमेच्या भरतीचे पाणी इथवर येते. टिट्टिभ तिचे म्हणणे हसण्यावारी नेतो. आपल्या पिलांना हात लावण्याची समुद्राची काय बिशाद, असा त्याचा आव असतो. समुद्र ते ऐकतो आणि गंमत पाहावी म्हणून अंडी पळवतो. मग टिट्टिभ चोचीने समुद्र आटवण्याची प्रतिज्ञा करतो, पक्षी जमतात, गाऱ्हाणे गरुडापर्यंत आणि गरुडाकरवी विष्णूपर्यंत जाते, आणि अखेर समुद्राला अंडी परत करावी लागतात.

या कथेचा प्रवास तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. सहाव्या शतकात ती पहलवी भाषेत गेली. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने तिला ‘कलीला व दिम्ना’ या अरबी ग्रंथात आणले. तेथे गरुडाच्या जागी अन्का हा अद्भुत पक्षी आला आणि विष्णू गळाला. टिटवीचे नाव मात्र ‘तीतवा’ या रूपाने टिकून राहिले. पुराणातली पात्रे बदलली, पण वाळूवरच्या त्या लहानशा पक्ष्याचे नाव भाषांतरकारांनी बदलले नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मराठीत या कथेचा सर्वांत प्रसिद्ध उल्लेख ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात आहे. गीतार्थाचे विवरण करू पाहणारे आपण चोचीने सागर मोजू पाहणाऱ्या टिटिभासारखे आहोत, असे ज्ञानदेव विनयाने सांगतात. दृष्टांत म्हणून तो अप्रतिम आहे. परंतु येथे कथेतील एक पात्र मागे पडले. परंपरेने नराची प्रतिज्ञा लक्षात ठेवली. ती कधी हास्यास्पद साहसाची, कधी चिकाटीची, तर कधी विनम्रतेची प्रतिमा झाली. मादीचे म्हणणे मात्र विसरले गेले. ते म्हणणे अगदी व्यवहारी होते. ही जागा बरोबर नाही, कारण अमुक तिथीला पाणी इथपर्यंत चढते, इतकेच ती सांगत होती. अधिवास म्हणजे केवळ स्थळ नाही. स्थळ आणि काळ यांचा तो मेळ आहे, हे ज्ञान पंचतंत्रकाराने टिटवीच्या तोंडी घातले होते. आधुनिक पक्षिविज्ञानाला हेच दुसऱ्या वाटेने पुन्हा शोधावे लागले.

३. एका बेटसमूहाची अनेक नावे

वेंगुर्ल्याची बेटे कोकण किनाऱ्यापासून काही मैल आत समुद्रात आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांच्या नामावळीनंतर ‘सेसेक्रिएनाइ’ नावाच्या बेटांचा उल्लेख येतो. १९१२ साली या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्फ्रेड शॉफने ही बेटे म्हणजे वेंगुर्ल्याचे खडक असावेत असा तर्क केला. तो तर्क मानला तर या खडकांना दोन हजार वर्षांचा लिखित इतिहास आहे. पुढे युरोपीय नाविकांच्या नकाशांत त्यांना ‘जळकी बेटे’ अशा अर्थाचे नाव मिळाले आणि इंग्रजीत तेच रूढ झाले. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास डचांची वखार होती. जहाजांची वर्दळ वाढली, तसे हे खडक धोक्याचे ठिकाण म्हणून नोंदवले गेले आणि तेथे दीपगृह उभे राहिले. किनाऱ्यावरच्या निवती गावावरून ‘निवती रॉक’ हे नावही लोकांच्या बोलण्यात आहे.

ही सर्व नावे जहाजाच्या तक्त्यावरून दिलेली आहेत. खडक चुकवायचे असतात, म्हणून त्यांना नाव द्यावे लागते. दुसरी एक दृष्टी व्यापाऱ्याची होती. बेटांवरील गुहांत भारतीय पाकोळी ही चिमुकली जात मोठ्या संख्येने राहते. १८४० साली थॉमस जर्डनने तिचे शास्त्रीय वर्णन केले. गुहेच्या मिट्ट काळोखात ही पाकोळी टकटक असा आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते, आणि आपल्या लाळेत शेवाळ, काड्या व पिसे मिसळून खडकाला वाटीसारखे घरटे चिकटवते. पूर्व आशियात अशा घरट्यांच्या सारास मोठे मोल असल्याने एकोणिसाव्या शतकातील पक्षिविषयक लेखनात पश्चिम किनाऱ्यावरच्या घरट्यांचा उल्लेख व्यापारी माल म्हणूनही येतो. नाविकाला खडक दिसला, व्यापाऱ्याला घरटे दिसले. उघड्या कातळावर बसलेला सुरय या दोघांच्याही कामाचा नव्हता.

साहित्यिकाचे काय? वेंगुर्ले तालुका हा मराठी साहित्याच्या दृष्टीने असामान्य प्रदेश आहे. चिं. त्र्यं. खानोलकर आणि मंगेश पाडगावकर यांचा जन्म याच परिसरातला, जयवंत दळवी आरवलीचे, वि. स. खांडेकरांची शिक्षकी कारकीर्द शिरोड्यात बहरली. या लेखकांनी कोकणची माती, माणसे, देवचार, पाऊस आणि समुद्र यांना अक्षररूप दिले. तथापि त्यांच्या साहित्यात समुद्र प्रामुख्याने माणसाच्या मनाचा आणि दैवाचा अवकाश म्हणून येतो. क्षितिजावर दिसणाऱ्या त्या खडकांवरील विणीचा हंगाम आपल्या साहित्याचा मध्यवर्ती विषय झाला नाही. हा त्या लेखकांचा दोष मानण्याचे कारण नाही. पंचतंत्रानंतरच्या परंपरेने जी दृष्टी दिली, तिचेच हे सातत्य आहे.

४. शिमल्याची खोली आणि कोकणचा खडक

या बेटांकडे पक्ष्यांसाठी म्हणून पाहणारा पहिला महत्त्वाचा लेखक म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ च्या राष्ट्रसभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आपण त्याला ओळखतो. परंतु त्याआधी दीड दशक तो भारतीय पक्षिविज्ञानाचा सर्वांत मोठा संघटक होता. १८७२ च्या अखेरीस त्याने ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. १८७५ च्या प्रारंभी सरकारी सागरी सर्वेक्षणाच्या बोटीवरून तो लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याकडे गेला आणि त्या प्रवासाचा दीर्घ वृत्तान्त त्याने १८७६ च्या खंडात छापला. वेंगुर्ल्याची बेटे त्या प्रवासात येतात.

या वृत्तान्ताचे वाङ्मयीन स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. तो प्रवासवर्णन, यादी आणि वादविवाद यांचे मिश्रण आहे. लेखक बोटीने येतो, दिसेल ते टिपतो, नमुने घेतो आणि निघून जातो. त्याची भेट वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांतली होती. सुरयांची वीण मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या तोंडाशी होते. तेव्हा समुद्र खवळू लागलेला असतो आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची वेळ आलेली असते. म्हणजे पहिला नोंदकार चुकीच्या तिथीला आला. टिटवीच्या भाषेत सांगायचे तर त्याला जागा सापडली, पौर्णिमा सापडली नाही.

ह्यूमच्या संग्रहाची पुढची कथा शिमल्यात घडते. जाखू टेकडीवरील ‘रॉथनी कॅसल’ या त्याच्या घरात देशभरातून आलेले पक्ष्यांचे नमुने आणि अंडी साठत गेली. भारतीय पक्ष्यांवरील एका बृहद्ग्रंथासाठी त्याने वर्षानुवर्षे टिपणे काढली होती. तो हिवाळ्यात शिमल्याबाहेर असताना ही हस्तलिखिते घरातून चोरीला गेली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. हा आघात त्याला सोसला नाही. १८८५ साली त्याने सुमारे ८० हजार नमुन्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो बांधून नेण्यासाठी रिचर्ड बाउडलर शार्प स्वतः शिमल्यास आला. अशा रीतीने किनाऱ्यावरचे पक्षी आधी हिमालयाच्या कुशीत आणि तेथून लंडनला पोहोचले, आणि त्यांच्याविषयीच्या लेखनाचा मोठा भाग पुड्या बांधण्याच्या कामी आला. आपल्याकडील पक्षिवाङ्मयाच्या इतिहासात ही घटना केवळ दैवदुर्विलास म्हणून सांगितली जाते. ज्या भूमीतून नोंद उचलली गेली त्या भूमीच्या भाषेत ती कधी उतरली नाही, हे त्या घटनेचे दुसरे अंग आहे.

५. नोंदीपासून कायद्यापर्यंत

ऋतू साधून या बेटांवर जाण्याचे श्रेय हुमायून अब्दुलअली यांच्याकडे जाते. मुंबई निसर्ग इतिहास संस्थेच्या (स्थापना १८८३) या कार्यकर्त्याने वेंगुर्ल्याच्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलेला लेख संस्थेच्या नियतकालिकात १९४२ साली प्रसिद्ध झाला. तेथे अनेक जातींचे सुरय वीण करतात ही गोष्ट अभ्यासकांपुढे आली. त्यांच्यापैकी काही जाती भारताच्या मुख्य भूमीलगत फार थोड्या ठिकाणी वीण करतात, म्हणून या खडकांचे महत्त्व त्यांच्या आकाराच्या मानाने कितीतरी मोठे आहे. एखादी जाती कपारीच्या सावलीत एकुलते एक अंडे घालते, तर दुसऱ्या जातींची अंडी उघड्यावरच असतात. माणूस वर चढला की सारी वसाहत एकदम उडते. मग अंडी उन्हात तापतात, कावळे आणि घारी साधतात. कोणी अंड्याला हात न लावताही एखाद्या तासाच्या मुक्कामाने हंगाम बुडू शकतो.

याच अब्दुलअलींचा १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्याच्या घडणीत मोठा वाटा होता. नोंद करणारा आणि कायद्याची भाषा घडवणारा हात एकच असावा, हा योगायोग महत्त्वाचा आहे. कायद्यांच्या इतिहासाकडे पाहिले तर त्यांत काळ आणि स्थळ यांची एक फारकत दिसते. १८८७ चा वन्यपक्षी संरक्षण कायदा विणीच्या हंगामाविषयी बोलत होता, पण त्याची हद्द नगरपालिका आणि छावण्यांपुरती होती. १९१२ च्या कायद्यानेही बंदीचा काळ ठरवण्यावर भर दिला. म्हणजे त्यांना काळ ठाऊक होता, अधिवास नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यांची चौकट पक्की केली. लक्ष रेखांकित क्षेत्राकडे वळले. १९९१ च्या सागरतटीय नियमन अधिसूचनेत मासे व इतर सागरी जीवांच्या प्रजननस्थळांचा उल्लेख होता. पक्ष्यांच्या विणीच्या जागा हे शब्द अतिसंवेदनशील क्षेत्रांच्या यादीत स्पष्टपणे आले ते २०११ च्या अधिसूचनेत. टिटवीचे गाऱ्हाणे कायद्याच्या वाक्यात शिरायला इतका काळ लागला.

दरम्यान घरट्यांची चोरी चालूच होती. या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने बेटांवरील पाकोळ्यांची पाहणी केली, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला आणि वनखात्याच्या साहाय्याने संरक्षणाचे काम हाती घेण्यात आले. शिमल्याहून नव्हे, मुंबईहूनही नव्हे, कोकणातूनच आणि मराठी बोलणाऱ्या माणसांकडून या बेटांची राखण सुरू होणे, हा नोंदींच्या इतिहासातला एक पालट होता.

६. पर्यटनाची भाषा

आज या किनाऱ्यावर नाविक आणि व्यापारी यांच्या जोडीला पर्यटक आला आहे. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग हा त्याचा मुख्य ओढा. १९८७ साली सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांभोवतीचा समुद्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र २९ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. स्थानिक मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. अधिसूचनेच्या भाषेत आपली वहिवाट, आपली जाळी आणि आपली उपजीविका कोठे आहेत, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. वेंगुर्ल्याचे खडक या अभयारण्याच्या सीमेबाहेर राहिले. किल्ल्याला इतिहास होता, प्रवाळाला सौंदर्य होते. खडकावरच्या सुरयाला अद्याप वाचक नव्हता.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तेथील वाळूच्या पट्ट्याला लोक ‘त्सुनामी बेट’ म्हणतात आणि २००४ च्या लाटेशी त्याचा संबंध जोडतात. जलक्रीडांसाठी ते प्रसिद्ध आहे. होडीच्या सहलीत डॉल्फिन पाहण्याच्या जागेबरोबर ‘सीगल आयलंड’ही दाखवतात. कुरव हा मराठी शब्द तेथे कोणी उच्चारत नाही. तक्रार इंग्रजी शब्दाविषयी नाही. भाषा शब्द घेतच असते. परंतु ‘सीगल’ या एका शब्दाखाली कुरव, सुरय आणि वाळूवर पळणारे चिखल्या सर्व एकवटतात. हिवाळ्यात विसाव्याला आलेला पाहुणा आणि उन्हाळ्यात अंड्यावर बसलेला यजमान यांतील भेद पुसला जातो. पाहुण्याकडे दुरून होडी नेली तर फारसे बिघडत नाही. यजमानाच्या घरात पाय ठेवला तर वंश बुडतो. हा भेद सांगणारी शब्दकळा नावाड्याच्या तोंडी असणे, हे अनेक फलकांपेक्षा परिणामकारक संरक्षण आहे.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या ‘पक्षिकोशा’चे (२००२) महत्त्व या संदर्भात ध्यानी येते. लोकांच्या तोंडी असलेली, पोथ्यांत असलेली आणि शास्त्राने दिलेली नावे त्यांनी एका ग्रंथात आणून ठेवली. संस्कृत साहित्यातील पक्ष्यांवरील के. एन. दवे यांच्या १९८५ च्या इंग्रजी ग्रंथाने जे काम प्राचीन वाङ्मयासाठी केले, त्याच्या शेजारी मराठी कोशाला ठेवून वाचले पाहिजे. दवे यांनी काव्यातला हंस प्रत्यक्ष कोणता पक्षी असावा हे शोधले. चितमपल्लींनी प्रत्यक्ष पक्ष्याला मराठीत काय म्हणतात हे शोधले. दोघांची दिशा परस्परविरुद्ध, पण श्रद्धा एकच: शब्द आणि जीव यांची गाठ सुटता कामा नये.

७. सुखना: एक तुलना

चंडीगडचा सुखना तलाव १९५८ साली शिवालिक टेकड्यांतून येणारा पावसाळी ओढा अडवून तयार झाला. ल कार्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या जलाशयामागे ना पुराण आहे ना महाकाव्य. तरीही हिवाळ्यात बदके, पाणकावळे आणि वारकरी येथे उतरतात. पाणी ओसरलेल्या चिखलावर तुतवार धावतात. बांधाच्या बाजूला नौकाविहार आणि फिरायला येणाऱ्यांची गर्दी; पलीकडे, ओढा येतो त्या अंगाला, गवत, गाळ आणि झाडी. पर्यटक आणि पक्षी यांची ही विभागणी येथे आरेखनातूनच बऱ्याच अंशी झाली. पाणलोटातील सुमारे २६ चौरस किलोमीटरचे वन १९९८ साली अभयारण्य झाले, आणि २ मार्च २०२० रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तलावाला सजीव व्यक्तीचा विधिक दर्जा दिला.

विष्णूच्या दरबारातील टिट्टिभाच्या खटल्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथे जलाशय आरोपी होता, येथे तो स्वतःच फिर्यादी आहे. पण दोन्ही ठिकाणी मुक्या पक्षाला वाचा देणारा कोणी मध्यस्थ लागतो. सुखनाला नगर, वृत्तपत्रे आणि न्यायालय जवळ आहेत. काही मैल समुद्रात असलेल्या, पावसाळ्यात कोणी जाऊ न शकणाऱ्या खडकांना यांपैकी काहीच जवळ नाही. आजवर त्यांचे खरे संरक्षण खवळलेल्या दर्याने केले. यांत्रिक होड्यांनी तो अडसर दरवर्षी थोडा थोडा कमी होत आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून साहित्यामुळे पक्षी वाचतात असा भाबडा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. हंसाला काव्यात अढळपद मिळाले म्हणून त्याची सरोवरे आटायची राहिली नाहीत. म्हणणे इतकेच की, ज्या जीवाचे वर्णन सदैव परक्या गरजेच्या भाषेत होते, त्याची हानी झाली तरी ती हानी म्हणून ओळखली जात नाही. वेंगुर्ल्याच्या बेटांचे वर्णन नाविकाने, व्यापाऱ्याने, संग्राहकाने आणि पर्यटनाच्या जाहिरातीने केले. त्या प्रत्येकाला जागा दिसली, वेळ दिसली नाही. वैशाखापासून पावसाळा सरेपर्यंत बेटावर पाऊल ठेवू नये, हा साधा नियम कोणत्याही मोठ्या प्रकल्पाइतका मोलाचा आहे, आणि तो किनाऱ्यावरच्या माणसांच्या संमतीनेच पाळला जाईल.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाकडे येथे एक छोटे काम येते. टिटवीची कथा संस्कृतातून पहलवीत, अरबीत आणि मराठीत कशी गेली हे आपण शिकवतोच. ती शिकवताना नराच्या प्रतिज्ञेइतकेच मादीच्या पहिल्या वाक्याकडे लक्ष वेधले पाहिजे. तिला समुद्र आटवायचा नव्हता. तिला पौर्णिमेच्या भरतीची रेघ ठाऊक होती, आणि त्या रेघेच्या वर थोडी कोरडी जागा हवी होती.